इसाराची छापील पावती

आमच्याकडे पाहुणे जमले, जेवणं उरकली आणि बडीशेपेची वाटी फिरायला लागली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते गाडी विकल्याचं सांगा ना." मग मी सांगतो. तीन गिऱ्हाइकांचे तीन किस्से आहेत, आणि इतक्या वेळा सांगून ते आता छान घोटले गेले आहेत. कुठे थांबायचं, कुठे आवाज बदलायचा, सगळं ठरलेलं. लोक पोट धरून हसतात. माझी बायको तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून जाते. लोकांना वाटतं, शंभरदा ऐकून तिला कंटाळा आला असेल. ती जाते ती चौथ्या गिऱ्हाइकामुळे. त्याचं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही, आणि मी ते सांगत नाही हे तिला माहीत आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नाशकातल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो आणि गंगापूर रोडला पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. खाली पार्किंगमध्ये आमची छोटी पांढरी गाडी असायची. ती मीही सेकंडहँडच घेतली होती, पण तिला जीव लावला होता. दर रविवारी बादली घेऊन खाली उतरायचो आणि तासभर धूत बसायचो. त्या वर्षी पगाराच्या फरकाची मोठी रक्कम एकदम हातात आली आणि मला नव्या गाडीचे डोहाळे लागले. नवी गाडी नोंदवली, ताबा दसऱ्याला घ्यायचा ठरवला. जुनी विकून उरलेली रक्कम भरायची, असा साधा हिशोब होता. कचेरीत सगळ्यांना सांगून झालं, बिल्डिंगमध्ये सांगून झालं. पेढे कुठले आणायचे तेही ठरलं.

पेपरात तीन ओळींची छोटी जाहिरात दिली आणि गाडीच्या मागच्या काचेवर 'विकणे आहे' असा कागद चिकटवला. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक रिटायर झालेले गृहस्थ. ते चार रविवार ओळीनं आले. यायचे, बॉनेट उघडायचे, आत बघून "हं" म्हणायचे, बॉनेट लावायचे, मग वर येऊन पोहे खायचे. चौथ्या रविवारी मी चिडून विचारलं, की घेणार आहात की नाही. तर ते शांतपणे म्हणाले, "गाडी घ्यायची नाहीये हो मला. रिटायर झाल्यापासून रविवारच जात नाही." दुसरा माणूस ट्रायल घेतो म्हणून सकाळी गाडी घेऊन गेला, तो बायको, आई आणि दोन मुलांसह त्र्यंबकेश्वरला दर्शन करून संध्याकाळी परत आला. माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाला, घाटाकडे जरा दम खाते, नको आम्हाला. पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता.

तिसरा तरुण होता, नुकतंच लग्न झालेला. त्यानं पाचशे रुपये टोकन दिलं, "काका, गाडी माझी, कुणाला देऊ नका" असं निक्षून सांगितलं आणि बावीस दिवस गायब झाला. त्याच्या भरवशावर मी दोन चांगली गिऱ्हाइकं परत पाठवली. तेविसाव्या दिवशी तो आला तो टोकन परत मागायला. सासऱ्यांनी गाडी दिली होती. मी जरा आवाज चढवला तर मलाच म्हणतो, "काका, पाचशेच आहेत, तुम्हाला काय फरक पडतो?" आणि मी मुकाट्यानं परत दिले. बायको म्हणाली, "तुम्हाला कुणीही गुंडाळतं."

हे वाक्य मला फार लागलं. मुळात माझा राग असा, की ज्याच्यावर यायला हवा त्याच्यावर त्या वेळी येत नाही, मागाहून येतो आणि भलत्याच ठिकाणी निघतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी टाइपरायटरला कागद लावला आणि इसाराच्या पावतीचा मसुदा तयार केला. इसार पाच हजारांपेक्षा कमी घ्यायचा नाही. 'आजपासून पंधरा दिवसांचे आत उर्वरित रक्कम अदा न केल्यास सदर इसार जप्त समजण्यात येईल व सदर वाहन अन्य इसमास विकण्याचा संपूर्ण हक्क विक्रेत्यास राहील.' त्याच्या वीस झेरॉक्स काढल्या. घरी येऊन बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "गाडी विकताय की धरणासाठी जमीन ताब्यात घेताय?"

इथपर्यंत मी पाहुण्यांना सांगतो. या वाक्याला मोठा हशा येतो, आणि त्या हशात मी विषय बदलतो.

चौथा माणूस आला तो गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागणार होता. मी गाडी धूत होतो. गेटसमोर फुलांचा एक टेम्पो थांबला आणि त्यातून चाळिशी ओलांडलेला, पांढरी टोपी घातलेला एक शेतकरी उतरला. मग तो केबिनच्या दुसऱ्या बाजूला गेला, आत बसलेल्या एका मुलीच्या काखांत दोन्ही हात घालून तिला उचललं आणि खाली ठेवलं. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी कॅलिपर. जमिनीवर उभी राहिल्यावर तिनं आधी ओढणी सारखी केली आणि मग इकडेतिकडे पाहिलं, आपल्याला असं उतरवताना कुणी बघितलं की काय ते. मी बघत होतो. मी नजर बादलीकडे वळवली.

त्या माणसानं बॉनेट उघडायला सांगितलं नाही. टायर पाहिले नाहीत, कागदपत्रं मागितली नाहीत. त्यानं पुढचा दरवाजा उघडला आणि मुलीला म्हणाला, "बसून बघ." ती सीटकडे पाठ करून उभी राहिली, टेकली, मग दोन्ही हातांनी स्वतःचा डावा पाय उचलून आत घेतला आणि दरवाजा लावला. काचेतून काही क्षण समोर बघत बसली. मग दरवाजा उघडून तशीच, उलट क्रमानं, बाहेर आली.

"जमतंय," ती म्हणाली.

"आजून एकदा बघ."

ती पुन्हा बसली, पुन्हा उतरली. कुणी हात लावला नाही. बापानं माझ्याकडे बघून सांगितलं, "घेतली."

मग कळलं ते असं. त्यांचं गाव सायखेड्याच्या अलीकडे. दोन एकरांत झेंडू आणि शेवंती. फुलं रोज उजाडायच्या आत नाशिकच्या फुलबाजारात न्यायची, ती शेजाऱ्याच्या टेम्पोतून. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला नाशकात कॉमर्सला प्रवेश मिळाला. एसटीची पायरी तिला चढता येत नाही, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं कोंबलेली. म्हणून तीही त्याच टेम्पोतून पहाटे यायची आणि कॉलेज उघडेपर्यंत बाजारात क्रेटवर बसून अभ्यास करायची. दिवाळीनंतर टेम्पोवाला धंदा बंद करून मुलाकडे जाणार होता.

"मग कॉलेज?" मी विचारलं.

"बंद," मुलगीच म्हणाली. "नाहीतर गाडी. मागच्या सीटवर फुलं आणि पुढं मी. जीपमध्ये, टेम्पोत मला उचलून ठेवावं लागतं. रोज दोनदा. यात मी माझी बसू शकते."

तिनं हे जरा तोऱ्यातच सांगितलं. मला ती आवडली. एवढं सगळं मला त्या दिवशीच माहीत होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या, पण मला माहीत नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही.

मी पंचाहत्तर हजार म्हणालो, बहात्तरला जमलं. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून पाच हजार काढले. "उद्यापास्नं पितरपाट लागतो, म्हणून आजच इसार घ्या साहेब. बाकीचं दसऱ्याला. झेंडूचा पैसा दसऱ्यालाच येतो, त्याच्या आधी मला जमायचं नाय. आदल्या रातीला माल विकतो आन सकाळच्या पारी गाडी न्यायला येतो."

मी "हो, हो, दसऱ्यालाच या" म्हणालो. तोवर मी बॉनेटवर पावती ठेवून भरायला घेतली होती. मुलगी म्हणाली, "काका, बघू." तिनं ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. असं वाचणारा माणूस मला कचेरीतही फारसा भेटला नव्हता.

"इथं पंधरा दिवस लिहिलंय," ती म्हणाली. "दसऱ्याला तर पंचवीस दिवस आहेत."

"अगं, ते छापील आहे. सगळ्यांना तेच देतो."

"मग खोडून दसरा लिहा ना."

पेन माझ्या हातातच होतं. कचेरीत कुणाच्या अर्जात एक अक्षर खोडलेलं असलं तरी बाजूला सही घेतल्याशिवाय मी तो पुढे सरकवत नसे. कागदावरच्या अक्षराला काय किंमत असते हे गावात कुणाला कळत नसेल तेवढं मला कळत होतं. पण ज्या पावतीचं मला एवढं कौतुक, तिच्यात एक पोरगी चूक काढतेय, याचा मला राग आला. मी म्हणालो, "माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुझा?"

बाप लगेच म्हणाला, "आगं, साहेब म्हणत्यात ना, छापील हाय म्हणून."

तिनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग पावतीची घडी घातली आणि म्हणाली, "बरं काका. तुमच्यावर ठेवते विश्वास."

जाताना त्यानं किराणा दुकानाचा फोन नंबर दिला. गावात तेवढा एकच फोन जवळ होता, दुकानदार निरोप पोचवायचा. काही लागलं तर कळवा, म्हणाला.

पितृपक्षाचा पहिला आठवडा बरा गेला. मग शोरूममधून फोन आला. दसऱ्याला गाड्यांची फार मागणी आहे, चार दिवस आधी पूर्ण रक्कम भरा, नाहीतर तुमची गाडी पुढच्या नंबराला जाईल. मी पतसंस्थेत कर्जाची चौकशी केली, तर दिवाळीपर्यंत काही होणार नाही म्हणाले. म्हणजे त्या शेतकऱ्यासाठी थांबायचं तर मला नवी गाडी दसऱ्याला मिळणार नव्हती, पाडव्याला मिळाली असती. तीन आठवडे उशीर, बस्स. आज लिहिताना वाटतं, पाडव्याला घेतली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं, की कचेरीतली माणसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेढे मागणार आणि मी तोंड लपवत फिरणार.

पितृपक्षाच्या बाराव्या दिवशी एक बांधकाम ठेकेदार आला. काचेवरचा कागद मी काढला होता, त्याला कुठून कळलं कोण जाणे. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, चावी फिरवली आणि म्हणाला, "ऐंशी. रोख." मी म्हणालो, पितृपक्ष चालू आहे. तो म्हणाला, आपण असलं काही मानत नाही. मी म्हणालो, इसार घेतलाय. आणि मग मी काय केलं, तर वर जाऊन माझ्याकडची पावतीची कार्बन कॉपी आणली आणि त्याला दाखवली. का दाखवली, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. त्याला नाही म्हणायचं असतं तर कागदाची गरजच नव्हती.

त्यानं वाचली आणि हसला. "अहो, तीन दिवसांत मुदत संपतेय की. चौथ्या दिवशी सकाळी येतो."

रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या लोकांना दसरा सांगितलाय तुम्ही." मी म्हणालो, पावतीवर पंधरा दिवस आहेत. ती म्हणाली, "मी गॅलरीत होते. ती मुलगी खोडा म्हणत होती." मग मी आवाज चढवला. आधीच्या तिघांचा सगळा राग मी त्या एका माणसावर काढला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, म्हणालो, पंचवीस दिवस कोण थांबतं, दसऱ्याला तो येईल याची काय खात्री, आणि तूच म्हणाली होतीस ना, मला कुणीही गुंडाळतं. तिनं ताट उचललं आणि जाताना म्हणाली, "निदान फोन तरी करा."

मी फोन केला. दुपारी दोन वाजता केला, दुकानदार जेवायला जातो ती वेळ बघून. दोन रिंगा होऊ दिल्या आणि ठेवून दिला. घरी सांगितलं, कुणी उचलत नाही. पुढे काही वर्षांनी कचेरीच्या कामासाठी जीपनं त्या भागात जाणं झालं, तेव्हा रस्त्याकडेला एक किराणा दुकान दिसलं, वर फोनची पाटी होती. तेच होतं की दुसरं, मला माहीत नाही. ड्रायव्हरला थांब म्हणायला किती वेळ लागतो? मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

घटस्थापनेच्या सकाळी ठेकेदार येऊन गाडी घेऊन गेला. मी शोरूमचे पैसे भरले. आता राहिले नऊ-दहा दिवस. त्या दिवसांत मी रोज देवासमोर उभा राहायचो आणि माझी खरी प्रार्थना एवढीच असायची, की तो माणूस येऊ नये. त्याचा झेंडू पडेल भावानं जावा, त्याचं मन बदलावं, त्याला दुसरी गाडी मिळावी, काहीही व्हावं. म्हणजे मग तोही त्या तिघांसारखाच ठरला असता आणि मला एक चौथा किस्सा मिळाला असता. एखादा माणूस येऊ नये म्हणून इतकी वाट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

दसऱ्याला सकाळी आठच्या मुहूर्तावर मी नवी गाडी आणली. जुनीच्याच जागेवर लावली. बायकोनं ओवाळलं, नारळ फोडला, शेजाऱ्यांना पेढे वाटले. हार घालताना मला झेंडूची फुलं हातात धरवत नव्हती. दहाच्या सुमारास दारावरची बेल वाजली.

तो एकटाच वर आला होता. नवा पांढरा शर्ट, हातात नारळ आणि आपट्याची पानं, काखेत पैशांची पिशवी. डोळे जागरणानं लाल. "लय चांगला भाव भेटला साहेब यंदा," दारातच म्हणाला. "खाली मंडळी हायत, पायऱ्या म्हणून पोरगी खालीच थांबली. गाडी दिसंना, धुवाया दिली का?"

मी त्याला आत बसवलं. बायको पाणी घेऊन आली आणि दाराशीच थांबली. मी बोलायला लागलो तर तोंडातून तीच पावतीची भाषा यायला लागली. मुदत संपली होती, मुदतीत रक्कम आली नाही, मी फोन करायचा प्रयत्न केला, माझीही अडचण होती. त्याला आधी कळेचना. मग म्हणालो, "गाडी विकली."

"कधी?"

"घटस्थापनेला."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं बघत असता तर मला सोपं गेलं असतं, कारण रागाला मी तयार होतो, उत्तरं जुळवून ठेवली होती. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं न समजणं होतं. "पन तुम्ही तर म्हणले होते," तो हळूच म्हणाला, "छापील हाय म्हणून."

बायको आत गेली आणि पाकीट घेऊन आली. तिनं त्यात दहा हजार घातले होते. विकणाऱ्यानं सौदा मोडला तर इसार दुप्पट परत करायचा, ही रीत तिला तिच्या वडिलांकडून माहीत होती, मला ती आठवलीही नव्हती. त्यानं मोजून पाच हजार काढून घेतले आणि उरलेले टीपॉयवर ठेवले. "एवढाच दिला होता," म्हणाला. बायकोनं खूप आग्रह केला. त्यानं मान हलवली.

मग त्यानं ते पाच हजार पिशवीत ठेवले. पाण्याचा पेला हातात, पाणी तसंच. शेवटी म्हणाला, "पोरीला काय सांगू?"

"मी सांगतो," असं मी म्हणायला हवं होतं.

"तिला विकली म्हणून नाय सांगायचं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ती कुणावर भरवसा ठेवीत नाय साहेब. ल्हानपणापास्नं लोकांनी लय फिरवलं तिला, ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, पाय नीट करून देतो म्हणून. घरी गेल्यावर तुमची पावती मी फाडाया निघालो, दसऱ्याचं ठरलंय तर काय करायची, तर मला म्हणली, ठिवा, ह्या काकांनी शब्द दिलाय त्याची आठवन. आता शब्द फिरवला म्हणून सांगितलं, तर ती पुन्ना कुणाचं ऐकायची नाय. माझंबी नाय." त्यानं पेला खाली ठेवला. "इंजनात बिघाड निघाला म्हणून सांगतो. साहेबांनी मेस्तरीला दाखवली, तो म्हणला वर्षाच्या आत बसंल, म्हणून साहेबांनी दिली नाय. तुम्ही खाली या फकस्त. मी बोलंन ते ऐकून हो म्हणा."

मी म्हणालो, चला. माझी अब्रू वाचत होती म्हणून मी उठलो की त्या मुलीसाठी उठलो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन्ही असेल. पायऱ्या उतरताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू.

खाली गेटजवळ एक भाड्याची जीप उभी होती. त्याची बायको जीपमध्येच बसली होती, मांडीवर पूजेचं ताट आणि एक भलामोठा हार, जुन्या गाडीसाठी केलेला. मुलगी पार्किंगच्या खांबाला टेकून उभी होती. नवा पिवळा ड्रेस. आमच्या नव्या गाडीपासून ती चार हात लांब उभी होती, कॅलिपर लागून चरा पडू नये म्हणून असावी. मला बघून हसली. "अभिनंदन काका. छान आहे नवीन."

बापानं तिला सांगितलं. तो चांगलं खोटं बोलणारा माणूस नव्हता, मध्येच अडखळला, मेस्तरीचं दोनदा सांगितलं. ती ऐकताना नव्या गाडीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. त्या दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी पाहिलं. दिवाळीनंतरचं कॉलेज गेलं, पुढची सीट गेली, स्वतःची स्वतः उतरण्याचं ते सगळं गेलं. डोळे भरले, पण तिनं पाणी खाली पडू दिलं नाही.

"इंजिनच का काका?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"दुरुस्त करूनसुद्धा नाही?"

"नाही," मी म्हणालो. हे मला त्यानं सांगितलं नव्हतं, हे माझं मी घातलं.

तिनं मान डोलावली. मग ती खांब सोडून जीपपाशी गेली, आईच्या ताटातली आपट्याची दोन पानं घेतली आणि परत येऊन माझ्या हातात ठेवली. "थँक्यू काका," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. पैसे घेऊन गाडी गळ्यात मारली असती आणि आम्हाला कळलंही नसतं. अशी माणसं फार कमी असतात."

तिचा बाप जमिनीकडे बघत होता. माझी बायको वरून गॅलरीतून बघत होती. आता तरी बोलावं असं मला वाटलं, आणि मी तोंड उघडलं. "अगं, त्यात काय," मी त्या मुलीला म्हणालो. "खरं असेल ते सांगायलाच हवं."